भिंतीकडे तोंड करून

कारा-बुलुन, नारीन
२ एप्रिल

जिपार,

थोरल्या बहिणीचा, तुझ्या एजेचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, तूही ठीक असशील. करड्या गाईला कालवड झाली. अंगणातलं बर्फ गेलं, गोठ्यामागचं अजून आहे. बाबांना जाऊन तीन आठवडे झाले, त्यामुळे यंदा नूरुझच्या सणाला घरात काही गोडधोड शिजलं नाही. शेजारची ओरोझकान परत मॉस्कोला निघाली आहे. तिच्याबरोबर सुकवलेल्या दह्याचे कुरुत आणि पिवळं लोणी पाठवते आहे. लोणी तिने वाटेतच संपवलं नाही तर तुला मिळेल.

झाली ख्यालीखुशाली. "लाडके जिपार" असं लिहायला बसले होते, पण हात उचलेना.

फोन सोडून कागद का, असं तुला वाटेल. फोनवर लिहिलं की तू वाचतेस आणि वाचलंच नाही असं दाखवतेस. मग चार दिवसांनी एक फूल पाठवतेस. कागद निदान फाडावा तरी लागतो. शिवाय माझा फोन मी पेटीत टाकून कुलूप लावलं आहे. त्याचं कारण पुढे येईल.

तुझ्या लेकीबद्दल लिहायचं आहे. बेगायम पंधरा वर्षांची आहे, हे तुझ्या लक्षात असेल असं धरून चालते. गेले सोळा दिवस ती शाळेत गेलेली नाही. खोलीत भिंतीला टेकून बसते आणि हातात तू पाठवलेला फोन. समोर ठेवलेला चहा तसाच गार होतो. अंगात हलतो तो फक्त अंगठा. वजन इतकं उतरलं आहे की परवा न्हाऊ घालताना मला तिच्या पाठीचे मणके मोजता आले. हो, न्हाऊ मी घातलं. पंधरा वर्षांच्या घोडीला मी न्हाऊ घातलं, कारण ती आपण होऊन उठत नाही.

दवाखान्यातली बाई येऊन गेली. म्हणाली, फोन काढून घ्या आणि पोरीला एकटं सोडू नका. दुसऱ्या वाक्याचा अर्थ तुला कळला असेल. मला कळला, तेव्हापासून मी तिच्याच खोलीत अंथरूण घालते.

हा फोन तू पाठवलास तेव्हाच मी म्हटलं होतं, कशाला? तू म्हणालीस, "एजे, पोरीशी बोलायला मला दुसरं काय आहे?" बोलायला! आठवड्यातून दहा मिनिटं तू बोलायचीस. तेही "जेवलीस का, अभ्यास केलास का, एजेचं ऐक." उरलेले सगळे तास तिच्याशी कोण बोलत होतं, ते कधी विचारलंस? आधी ती आपले फोटो टाकायला लागली. मग फोटोत डोळे मोठे आणि गाल बारीक करायला शिकली. मग आरशातले गाल तिला आवडेनात. दूध बंद, साय बंद. "एजे, माझं तोंड तव्यासारखं आहे." तुझ्या-माझ्या आईचं तोंड आहे ते, अख्ख्या खोऱ्यात जिच्या रूपाचं नाव निघायचं! बाबांनी तिला हाताला धरून कोमुझच्या तारा छेडायला शिकवलं होतं. ते कोमुझ खुंटीवर राहिलं आणि ती वर्गात डुलक्या घ्यायला लागली. मास्तरणीने मला बोलावून घेतलं. मी तुला सांगितलं, तर तू म्हणालीस, "सगळीच मुलं तशी आहेत." तुला तिकडे बसून बरं बोलता येतं.

आता त्या दिवसाचं. तू नव्हतीस, म्हणून नीट सांगते.

बाबांसाठी अंगणात यर्टचा तंबू उभारला. आम्ही बायका रीतीप्रमाणे आत, भिंतीच्या जाळीकडे तोंड आणि दाराकडे पाठ करून बसलो. मी, काकू, चुलत बहिणी आणि बेगायम. बाहेरून माणसं हंबरडा फोडत आली की आम्ही कोशोक म्हणायचा, बाबांचे गुण गात रडायचं. धाकट्या लेकीची जागा रिकामी कशी ठेवायची? तुझ्या जागी बेगायम बसली. काळी ओढणी, खाली मान. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आवाज तिला तुझाच आहे.

आणि त्याच दिवशी, ती तशी बसलेली असताना, कुणीतरी दारातून तिचा व्हिडिओ काढला. पंधरा सेकंदांचा. सगळ्या बायका रडताहेत, आणि बेगायमच्या मांडीवर ओढणीच्या आत फोनचा उजेड. कुणी काढला ते विचारू नकोस, दारात गर्दी होती.

दुसऱ्या दिवशी तो अख्ख्या देशाने पाहिला. कुणीतरी खाली हसायचं संगीत घातलं. "आजोबा मातीत, नात फोनमध्ये." "हिला कोण सून करून घेणार?" "आईबाप रशियात, पोर उकिरड्यावर." हे सभ्य लोकांचं सांगते आहे. बाकीचं मी कागदावर उतरवणार नाही. शाळेत पोरी भिंतीकडे तोंड करून बसायच्या, मांडीवर वही ठेवून रडायचं सोंग करायच्या. दुकानदारीण मला म्हणाली, "बुरुलचा, तुमच्याकडे शोक पण चार्जिंगला लावतात का गं?" मी तिथेच तिची साखर तिच्या अंगावर फेकली.

आणि बेगायम? तिने सगळं वाचलं. एकूण एक. फोन काढून घेतला तर माझी मूठ उलगडून परत घेतला. मी म्हटलं, "मेल्यांनो म्हणावं आणि सोडून दे. वाचतेस कशाला?" ती म्हणाली, "एजे, मी नाही वाचलं तरी ते लिहितातच. मग मला माहीत असलेलं बरं."

यावर काय बोलायचं असतं? तुला सुचलं असतं का? सुचलं असेलच. कारण तू तिच्याशी बोलत होतीस, जिपार. आता त्यावर येते.

परवा ती झोपली तेव्हा मी तिचा फोन उघडला. तो उघडायचा आकडा म्हणजे तुझा वाढदिवस. मला वाटलं होतं, त्या दिवशी ती कुणा मुलाशी बोलत होती की कसले नाच बघत होती, ते एकदा डोळ्यांनी बघावं आणि चांगली फोडून काढावी. तिथे काय होतं ते तुला माहीतच आहे. १४ मार्च. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. "आई". व्हिडिओ कॉल, एक्केचाळीस मिनिटं.

खालच्या तुमच्या निरोपांवरून कळलं, तू रडत होतीस. आमच्याबरोबर, ओढणीच्या आतून, बापासाठी तू कोशोक म्हणत होतीस. पोरीने आवाज बंद करून तुझं तोंड मांडीवर धरलं होतं, म्हणजे तू आमच्या रांगेत बसल्यासारखी व्हावीस.

आणि हे तू कुणाला कळू दिलं नाहीस! आम्हाला सांगितलंस, कामाच्या ठिकाणी फोन लागत नाही. काका अजून म्हणतात, धाकटीने बापासाठी टिपूस गाळलं नाही. तुझे तिला आलेले निरोपही वाचले मी. "कुणाला सांगू नकोस बाळ, फोनवरून रडली म्हणून हसतील." आणि व्हिडिओ सगळीकडे पसरल्यावर? "चार दिवसांत लोक विसरतात. तू गप्प राहा." तुझ्या लेकीला हजारो माणसं खेटरं मारत होती, तुझ्या एका वाक्याने ती थांबली असती, आणि तू काय लिहिलंस? गप्प राहा. तुझं हसं होऊ नये म्हणून! आई आहेस की कोण आहेस?

ती गप्प राहिली. तू सांगितलंस ना.

मला तुझं तोंड बघायची इच्छा नाही. तरी ये म्हणते.

*

४ एप्रिल

ओरोझकानची गाडी दोन दिवस पुढे ढकलली गेली, म्हणून पत्र घरातच राहिलं. पुन्हा वाचलं. तुला झोडपलेलं सगळं खरं आहे, त्यातला एक शब्द मागे घेत नाही. पण "दारात गर्दी होती" हे खोटं आहे. दारात कुणीच नव्हतं, जिपार. मी होते.

मांस शिजलं का बघायला मी चुलाण्याकडे गेले होते. परत आले तर दारातून तो उजेड दिसला. माझं डोकं फिरलं. तू फोन पाठवल्यापासूनचा, दोन वर्षांचा सगळा राग एकदम वर आला. बाप समोर पडलेला, आणि मी काय केलं? आत जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला असता तर तुझं तोंड दिसलं असतं. मी ऍप्रनच्या खिशातून माझा फोन काढला. बापाच्या मयतात, उभ्या उभ्या, व्हिडिओ काढला. आणि बिश्केकच्या वहिनीला पाठवला. वर लिहिलं, "बघ जिपारची लेक आजोबाला कशी रडते आहे." वहिनीने लगेच रडणारे चेहरे पाठवले, आणि मला, काय सांगू तुला, बरं वाटलं. कालवडीच्या फोटोला पन्नास जणांनी हृदयं पाठवली की वाटतं ना, तसंच. पोरीला बोल लावणारी मी, माझंही तेच होतं. म्हणून माझा फोन आता पेटीत आहे.

वहिनीने तो पुढे कुणाला दिला, त्याने पुढे. नंतर वहिनीने कुराणाची शपथ घेऊन सांगितलं, "बुरुलचा, तुझं नाव मी घेणार नाही." ते ऐकूनही मला बरंच वाटलं होतं. इतके दिवस मी तिच्या उशाशी झोपले आणि जगाला शिव्या घातल्या. "कुणा मेल्याने काढला असेल गं," असं तिच्याच तोंडावर म्हणत राहिले.

काल सकाळी तिची वेणी घालताना सांगून टाकलं. पाठमोरी होती म्हणून जमलं. म्हटलं, "बेगायम, तो व्हिडिओ मी काढला."

ती म्हणाली, "माहीत आहे एजे."

"कसं माहीत?"

"शेवटी तुमचा खोकला ऐकू येतो. किती वेळा पाहिलाय मी तो."

पहिल्या दिवसापासून माहीत होतं तिला. मी आणलेला चहा घेत नव्हती, तरी "ठेवा एजे" म्हणायची. एकदाही तुसडेपणा केला नाही.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हालापण लोकांनी तसलं लिहिलं असतं. तुम्हाला सोसलं नसतं." मग म्हणाली, "आईला यायला सांगू नका. आली तर तिला परत रशियात घेणार नाहीत, कागद जातील."

कळलं का तुला? आपल्या दोघींना लाज वाटत होती, आणि त्या लाजेवर पांघरूण घालून ती पंधरा वर्षांची पोर भिंतीकडे तोंड करून बसली आहे. अजून बसली आहे. मी सांगितलं म्हणून उठली नाही, जेवली नाही. काल फक्त अर्धी वाटी दूध प्यायली, सायीसकट. त्यावर मी काही इमले बांधत नाही.

बाबांचा चाळिसावा दिवस वीस तारखेला आहे. काका येतील, बिश्केकची वहिनी येईल, दुकानदारीणही येईल, फुकटचं मांस ती सोडत नाही. सगळी जेवायला बसली की मी उभी राहून माझं सांगणार आहे. मग थुंकोत माझ्यावर. तुझं तू सांगायचंस, तिच्याशेजारी उभी राहून, तिचा हात धरून, सगळ्यांकडे तोंड करून. ज्यांनी तो व्हिडिओ पाहिला त्यातल्या लाखोंना हे ऐकू जाणार नाही, मला कळतं. तिला तर ऐकू येईल.

कागद जातील तर जाऊ देत. पुन्हा होतील, नाहीतर नाही होणार. इथे गाई आहेत, घर आहे, आणि तुला शिव्या द्यायला मी आहे. फोनवरून येऊ नकोस. तुझं तोंड मांडीवर धरून ती पुन्हा बसणार नाही, मी बसू देणार नाही.

आली नाहीस तर तुझंही मीच सांगेन, आणि मी सांगेन तसं तुला आवडणार नाही.

त्या व्हिडिओच्या शेवटी जिचा खोकला ऐकू येतो ती,
तुझी एजे
बुरुलचा