रविवारचा खांब

रोशन,

कुलूप मीच बदलवलं. दार ठोकत बसू नको, आत कोणी नाई. घर माह्या नावानं आहे, हे इसरू नको. तुहे कपडे ओट्यावरच्या थैलीत आहेत. बेल्ट शोधू नको, तो मी चुलीत घातला. थैलीवर स्वीटीची गणिताची वही ठेवली आहे, ती पहिले वाच.

सातवीच्या पोरायले बाईनं सांगतलं होतं, घरातली एक गोष्ट आठवडाभर मोजा आन स्तंभालेख काढा. तुह्या पोरीनं तिच्या मायले, सुषमाले, पडलेला मार मोजला. काल तू न वाचता सही ठोकली, वरून हासला, "एवढे बुटके खांब? चहाचे कप मोजले काय?" कोपऱ्यातलं प्रमाण तरी पाह्यचं होतं. एक सेंटीमीटर म्हणजे पाच फटके.

मंगळवारचा खांब चार सेंटीमीटर आहे. त्या दिवशी तुह्या मोबाइलची चार्जिंग उतरली होती, बस एवढंच. आज सकाळी तू सुषमाचा हात मोडला, तो खांब वहीत नाई. तिले दवाखान्यात नेऊन राह्यली. कोणत्या, ते पोलिसाले विचारजो. पहिले ठाण्यातच चाललो आम्ही.

"आलेखावरून काय समजते?" हा शेवटचा प्रश्न पोरीनं कोरा सोडला होता. उत्तर मी लिहिलं: रविवारी शून्य आहे, कारण रविवारी बाप समुद्रपूरले लग्नाले गेलता.

मले आता सातही दिवस तसेच पाह्यजेत.

तुही माय