बारव बोलती

चैत वद्य दुज, फसली १३५५

बारवंत मीच लपल्तो! लिहूनच टाकतो. गुरुजी म्हणले, "पुंजाराम, तुझं बूड एका जागी टिकत न्हाई. रोज मनात येईल ते वहीत लिही. मी वाचणार न्हाई." मंग भीती कशाची?

सरकारी शाळा उर्दूतली. ती सुटली की आम्ही रेणुकाईच्या देवळामागं, गुरुजींकडं. तिथं ज्याला जसं जमंल तसं. मल्हारी मेंढरांवर हिशोब शिकून राह्यला. भुजंग तोतरा — त्याला गुरुजी कोरड्या बारवंच्या काठावर उभा करतेत. "तिच्याशी बोल बाबा. ती हसत न्हाई, घाई करत न्हाई. तू म्हणशील ते परत म्हणती."

आज मी आधीच पायऱ्या उतरून खालच्या देवळीत बसलो. वरून भुजंग, "पा-पा-पा—"

मी खालून, "पाणी!"

वाटलं, चड्डी सोडून पळंल! पळाला न्हाई. मंग म्हणला, "पाणी."

साफ! बिलकुल साफ!

तीज

परत गेल्तो. मी म्हणायचं, त्यानं माझ्यामागं म्हणायचं. हसायला गेल्तो, पण हसू येईना.

पंचमी

भुजंगनं आख्खी कविता म्हणली! गुरुजींचे डोळे भरले. त्याची माय बायनाबाई बारवंपुढं नारळ फोडून गेली — "माझ्या लेकराला हिनं जीभ दिली!" उर्दूचा मास्तर त्याला 'गूंगा' म्हणून दाराबाहेर बसवायचा. आज आत घेतलं.

सांगावं का? पण त्याला कळलं की बारव न्हाई, पुंज्या बोलतो, तर जीभ परत अडकंल. मंग पुन्हा दाराबाहेर.

सप्तमी

अंगात ताप. बारवंकडं गेलोच न्हाई. मल्हारी आल्ता. म्हणतो, "आज बारव लई बोलली रे. भुजंग गप उभा, तरी बोलतच होती."

"थापा नको मारू!"

"तुझी आन! अन् मंग भुजंग बोलला ना, मी मागं वळून पाह्यलं. मला वाटलं तूच आलास."

अष्टमी

दिवसभर तोंड उघडलं न्हाई. उघडलं अन् माझा आवाज निघालाच न्हाई तर?

एकादशी

ताप उतरला. बाहेर फिरून आलो अन् दारातून म्हणलो, "मा-मा-माय, भाकर दे."

ती चुलीपुढून वळली बी न्हाई. "भुजंगा, आमचा पुंजा घरी न्हाई रे."

वहीबाई, कोणाला सांगू नको. पाया पडतो तुझ्या. बोलू दे त्याला.