पंचमीला वाचलेला कागद

आये, नातू परत आला. थोरल्याचा थोरला, लढाईवर गेलेला. काल वडूजला मोटारीतून उतरला तर मी ओळखलंच नाही, इतका काळा आणि उंच झालाय. "आज्जे, बघतीस काय, मीच हाय!" म्हणाला आणि मला उचलूनच घेतलं, ह्या वयात! बाया लय हसल्या. भाकरतुकडा ओवाळून टाकला, घरोघर गूळ वाटला. एक घर चुकलं तर शेजारीण दारातूनच ओरडली, "व्हय गं, आमचा उंबरा दिसला न्हाई?" तिला मग मूठभर जास्त दिला. भाकरी थापता थापता हात थांबतो आणि मी आपली हसत बसते. पण ह्याच आनंदात तू सारखी डोळ्यांपुढं येतेस, म्हणून नातीच्या वहीतलं पान फाडून बसलेय. दुसरीपर्यंतचं अक्षर, वाकडं तर वाकडं.

आता म्हणे इंग्रज जाणार. चावडीवर पेपर वाचतात, आपलं राज्य येणार म्हणतात. येऊ दे बाई, आधी रॉकेल येऊ दे. लढाई चालू होती तेव्हा सरकारी मोटार यायची, देवळापुढं पडदा बांधून लढाईची चित्रं दाखवायची. बाया आपापली पोरं शोधायच्या. मी मात्र आपल्या धाकल्याला, माझ्या पाठच्या भावाला शोधायची. तो गेला दर्यापार बसऱ्याला, आधीच्या लढाईत, तीस वर्षांमागं. तो ह्या पडद्यावर कुठून येणार? पण डोळे ऐकतात होय. नातीच्या इतिहासाच्या पुस्तकात त्या लढाईला चार ओळी आहेत. बोट ठेवून वाचल्या. बसऱ्याचं नावसुद्धा नाही.

ती पंचमी आठव. आबा आधीच गेलेले, धाकला पलटणीत, घरात तू एकटी. मी दोन वर्षांनी माहेरी येतेय. चुलतभावाची बैलगाडी दारात थांबते आणि तू माझं पोर कडेवर घेऊन मला थेट देवापुढं ओढत नेतेस, पायसुद्धा धुवू देत नाहीस. पंचमीला चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून चुलीवर पुरणाची दिंडं उकडतायत. देवापुढं एक सरकारी कागद, त्याच्यावर हळदकुंकू.

"आठ दिस झालं येऊन. मास्तर म्हनाला, आना, वाचतो. म्या म्हनलं, माजी ल्येक शिकल्याली हाय, पंचमीला येतीया, तीच वाचंल."

"आगं आये, पन इतकं दिस..."

"कोपरा बघ की! फाटल्याला न्हाई. खुशालीचाच हाय."

मयताचं कार्ड कोपरा फाडून धाडतात, हे आपल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. सरकारला कोण सांगणार? सरकारनं चारी कोपरे शाबूत ठेवले होते. वर इंग्रजी, खाली कुणीतरी मराठीत दोन ओळी लिहिलेल्या. आधी त्याचं नाव वाचलं, मग गावाचं, मग ते. तू माझ्या तोंडाकडं बघतेयस. मागं वाफेनं झाकण वाजतंय.

"खुशाल हाय," मी म्हणाले.

मग काय तुझा आनंद! कधी झोक्याला हात न लावणारी तू, बायांनी धरून बसवलं तर पोरीसारखी ओरडलीस. एक दिंड त्याच्या नावानं बाजूला काढून ठेवलंस. चार दिवस राहून मी सासरी गेले. जाताना सांगेन म्हटलं होतं, तेही नाही.

महिन्यानं त्याच्या पलटणीतला एक गडी रजेवर आला आणि तुझ्या दारात रडला. मी धावत आले तेव्हा तू भिंतीला टेकून बसलेली. डोळे कोरडे.

"तू वाचलं व्हतंस न्हवं गं?"

"मला अक्षर लागलं न्हाई, आये."

"मग दोन यत्ता काय शेनी थापत व्हतीस?" एवढं बोललीस. मग म्हणालीस, "पोराच्या सुतकात म्या दिंडं खाल्ली. झोका घेतला."

त्यानंतर तू पंचमी केली नाहीस. वाईच्या घाटावर भटजींनी समजावलं, "बाई, सुतक कळल्यापासून. तुम्हाला दोष नाही." तू मानलं नाहीस. मी तुझ्या मागंच उभी होते. पंचमीलाच कळलं होतं ते मला. तेवढं तिथं बोलले असते तर तुझ्या उरावरचा धोंडा माझ्या उरावर आला असता. तू मला शिव्या दिल्या असत्यास, पण स्वतःला नाही. मी नुसता पदर नीट केला. अक्षर लागत नाही म्हणाले ते खरं ठरवायला तुझ्या गावात पुन्हा कधी काही वाचलं नाही. तू तशीच गेलीस, मरेपर्यंत देवाची माफी मागत.

नातू विचारतोय, "आज्जे, कुनाला लिवतीस?" म्हटलं, "जेव जा गप." हा कागद धाडणार कुठं, सकाळी चुलीत घालीन. इतकी वर्षं मी मनाला सांगत आले, की आईचं काळीज सांभाळायला खोटं बोलले. तसं नव्हतं गं. दोन वर्षांनी माहेरी आले होते. मला माझी पंचमी पाहिजे होती.