काट्यावरचे तीन किलो

३ जानेवारी

एकशे चार! मी कामाला आहे त्या पार्सल ऑफिसच्या मोठ्या काट्यावर, शटर उघडायच्या आधी, बूट काढून. घरात काटा नाही. असता तरी आईसमोर उभा राहिलो नसतो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन उतरवायचं हे इंजेक्शन आठवड्याला एकच. डोस वाढवायचा तर मी वाढवीन, तू नाही. रोज चाल. घाई केलीस तर आडवा होशील."

घाई आहेच. पंधरा मार्चला ती, माझ्या वर्गातली, कॉलेजात प्रमाणपत्र घ्यायला येणार. तिचा मेसेज : "गेटावर अकराला. भेटशील ना?" — दोन वर्षांनी! वर्गात एकजण मला 'टेम्पो' म्हणाला, मी त्याचं नाक फोडलं आणि कॉलेज सोडलं, तेव्हा ती हसत होती. मला की त्या नाकाला, अजून कळलेलं नाही.

२१ जानेवारी

एकशे एक. चार घासांत पोट भरतं. आई म्हणाली, "माझ्या हाताची चव गेली का रे?" काय सांगू तिला! पूर्वी एकटं वाटलं की खायचो. आता एकटं वाटतं, आणि नुसतं वाटतच राहतं.

२ फेब्रुवारी

नव्याण्णव! दोन आकडी!!

६ फेब्रुवारी

पावतीवाले काका सगळ्यांसमोर : "काय हिरो, कुणासाठी एवढा वाळतोयस?" हमालांसकट सगळे फिदीफिदी. मी पावतीपुस्तक भिरकावलं. थेट त्यांच्या चहात.

आता मी कुणाशी बोलत नाही. ढकलगाडीवर बसून डबा खातो. खातो म्हणजे — उघडतो, बघतो, झाकतो.

२० फेब्रुवारी

शंभर. वाढलं?? रोज सात किलोमीटर तंगडतोड करतोय!

२७ फेब्रुवारी

शंभर. काटा डूख धरून आहे माझ्यावर.

८ मार्च

नव्याण्णव. पाच आठवड्यांपूर्वी होतो तिथेच. उरले सात दिवस. आज दोन इंजेक्शनं एकदम टोचून घेतली. बाईंचं काय जातंय सबुरीनं घे म्हणायला!

११ मार्च

तीन दिवस पाणीसुद्धा पोटात ठरलं नाही. दवाखान्यात आहे, हाताला सलाईन. बाईंनी सगळ्या वॉर्डासमोर झाडलं. मग कागद बघितला. "एकशे चारवरून पंच्याण्णव. ओकून एखादा किलो गेला असेल, बाकी छान उतरत होतास की. थांबलंय म्हणून कुणी सांगितलं तुला?"

काट्याने.

१३ मार्च

पावतीवाले काका आले. स्टूल ओढून बसले.

"गाढवा, तो काटा महिनाभर तीन किलो जास्त दाखवतोय. दुरुस्तीवाला येईना. आम्ही तीन वजा करूनच पावती लिहितो. झाडूवालीलासुद्धा माहितीये."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"कधी सांगणार? तू दिसलास की मी कप झाकून घेतो."

हसू आलं. पोटात कळ आली. मग हसू गेलं. महिनाभर एकानेही सांगितलं नाही, कारण मी एकालाही जवळ येऊ दिलं नाही.

१५ मार्च

बाई सोडत नाहीत. "उभा राहून दाखव," म्हणाल्या. राहिलो, आणि खाटेवर बसलो.

तिला मेसेज लिहिला, पुसला. लिहिला, पुसला. काय सांगणार — तुझ्यासाठी बारीक होताना आडवा झालो?

अकरा वाजले. सव्वा अकरा. साडेअकरा. तिचा फोन नाही. एकदाही नाही. म्हणजे मी आलो काय, न आलो काय, सारखंच. भिंतीकडे तोंड करून पडलोय. आईला घरी पाठवलं.

१६ मार्च

सकाळी तिचा मेसेज : "सॉरी रे, काल तुला गेटावर ताटकळत ठेवलं. कोपऱ्यापर्यंत आले होते, तिथूनच परत फिरले. वर्षभर औषधं चालू आहेत, त्यांनी अंग नुसतं फुगलंय. तुझ्यासमोर यायचा धीरच झाला नाही."

पाच वेळा वाचलं. सुई टोचलेला हात सांभाळत फोन लावला.