आईनं कडी परत बसवली

आप्पा, मी बरा झालो असं आई म्हणते, सावेडीचे डॉक्टरही म्हणतात. मला खात्री वाटत नाही, म्हणून तुम्हाला लिहितो.

तुम्ही गेल्यावर मी नववी सोडून कोल्हारच्या आपल्या दुकानात पंपांच्या जळालेल्या मोटरींना नवी तार गुंडाळायला, वाइंडिंगला, बसलो. गेल्या वर्षी मला जगावंसंच वाटेना. मरणाचा विचार यायचा आणि आला की हलायचा नाही. मी कुणाला सांगितलं नव्हतं, आईनंच ओळखलं. तिनं तुमचा स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्या खोलीची आतली कडी काढली आणि मला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हा नैराश्याचा आजार आहे, औषधानं आणि बोलण्यानं बरा होतो. विचार आला तर लपवू नकोस, आईला सांग.

हळूहळू झोप लागायला लागली, जेवणाला चव आली. पण मला त्या झोपेचाही संशय येतो. एकदा दुकानात मी मोठ्यानं हसलो आणि स्वतःच दचकलो. घरी सांगितलं तर आईचा चेहरा बारीक. "काय झालं हसाया?" गप्प बसलो तरी ती बघते, हसलो तर जास्तच बघते.

तुम्हीही असेच होतात. दुरुस्त मोटर पहिल्याच झटक्यात गोड चालली की तुम्ही उलट कपाळाला आठ्या घालायचात. एक गिऱ्हाईक घाई करतंय, "आप्पा, चालली की! द्या आता." तुमचा तळवा मोटरीवर. "आत्ताशी चालली हाय. थांब जरा, तापती का बघू." तो हसतो, "मोटर हाय का नवरी, हात धरून बसलाय?" तुम्ही हात काढत नाही. शाळा सुटल्यावर तार गुंडाळायला मीही बसायचो, म्हणून मला तेव्हा राग यायचा. वाटायचं, माझ्या कामावर यांचा भरवसा नाही.

परवा आईनं कडी परत बसवली. मी विचारलं, "डॉक्टरांनी सांगितलं का?"

"दाराला कडी नगं व्हय?"

मला पटलं नाही. माझी परीक्षा बघते आहे, असं वाटलं. आत जाऊन कडी लावली, तर बाहेर बांगड्या वाजल्या.

"आई, काय करतेस?"

"झाडतीया."

झाडू माझ्या खोलीत होता.

आज दुपारी तो विचार पुन्हा आला. पूर्वीसारखा ठाण मांडून नाही, पण आला. मी कडी काढली, स्वयंपाकघरात गेलो आणि म्हणालो, "आई, आज परत आला." ती रडली नाही. गॅस बंद केला, माझ्या पाठीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. "बस हितं. सोमवारी डॉक्टरकडं जाऊ," एवढंच म्हणाली. विचार कधी गेला, कळलं नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तरी शुद्धलेखन दोनदा तपासलं. आणि एक गोष्ट आईलाही सांगितलेली नाही. झाडू मी अजून माझ्याच खोलीत ठेवतो. मुद्दाम. सकाळी तो मागायला तिला दार वाजवावं लागतं.