मेल्याचा वाटा आणि एक न केलेली सही

मी, एल्स्पेथ फिंडले, वय बत्तीस, व्यवसाय क्रेन व विंच तपासणी, राहणार सँडहार बंदर, बॅन्फशायर, हे मृत्युपत्र माझ्या अकलेने व माझ्याच हाताने लिहीत आहे. प्रकृती उत्तम आहे. राग आहे. तो बुद्धीच्या आड येत नाही, याची वकील गेडीज यांनी प्रश्न विचारून खात्री करून घेतली आहे.

या वयात मृत्युपत्र कशाला, असे आईने विचारले. माझा भाऊ डेव्ही माझ्याहून लहान होता आणि काहीच न लिहिता गेला.

१. जुन्या स्कॉट्स कायद्यात माणसाच्या चीजवस्तूंचे तीन वाटे होत. एक बायकोचा, एक मुलांचा, आणि तिसरा ‘डेड्स पार्ट’, म्हणजे मेल्याचा वाटा. मरणाऱ्याला फक्त या तिसऱ्याबद्दल बोलता येई. मला नवरा नाही, मूल नाही. म्हणजे माझे सगळेच मेल्याचा वाटा आहे, आणि मी सगळ्याबद्दल बोलणार आहे.

२. माझे घर आणि बँकेतली शिल्लक डेव्हीची बायको रोना हिला. घरातले सामानसुमानही तिलाच. आमच्याकडे त्याला ‘प्लेनिशिंग’ म्हणत, ज्याने घर भरते ते. तिचे घर रिकामे झाले आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

३. माझी मोजमापाची हत्यारे बंदरावरच्या प्रशिक्षण केंद्रातल्या मुलीला. मुलगी ओळखायची खूण: वर्गातली पोरे जिला चहा करायला पाठवतात ती.

४. आईचा भाऊ, वॉल्टर स्लेटर, याला चोवीस नंबरचा पाना. तो त्याला चालवता येतो.

कारण लिहून ठेवते. डेव्ही मामाच्या बोटीवर होता. तिथल्या जाळ्यांचा दोर ओढणाऱ्या विंचमध्ये तो बाहीसकट ओढला गेला. फिरत्या ड्रमवर लोखंडी आवरण असावे लागते; ते नव्हते. त्या सकाळच्या लाटेने तोडून नेले, असे मामाने चौकशीत सांगितले आणि ते मानले गेले. विंच मी पाहिली. तुटलेला एकही बोल्ट नव्हता. भोकांचे आटे शाबूत होते आणि त्यांच्या आत हिरवा रंग उतरला होता. तो रंग बोटीला आदल्या वर्षी दिला होता. आवरण जागेवर असते तर तिथे ब्रश पोचत नाही. हे मी कळवले. मी नात्यातली म्हणून ते बाजूला ठेवले गेले.

नंतर मामाने धक्क्यावर बाक बसवला. पितळी पट्टीवर कोरले आहे: डेव्ही फिंडले, समुद्राने नेला.

“बस ना पोरी जरा,” मामा सगळ्यांदेखत मला म्हणाला. “समुद्र देतो, समुद्रच नेतो.”

“समुद्राकडे पाना नसतो, मामा.”

आईने माझा दंड धरून मला बाजूला नेले. माझ्या शिलकीतून खर्च करून ती पट्टी उखडून घ्यावी. बाक राहू द्यावा. म्हाताऱ्यांना टेकायला लागतो.

५. ‘असाइथमेंट’ असा एक शब्द आमच्या कायद्यात होता. माणूस मारला गेला की मारणाऱ्याने त्याच्या नातलगांना द्यायची भरपाई. जुन्या फ्रेंचमधल्या ‘पुरेसे’ या शब्दावरून तो आला. भरपाई झाली की नातलग ‘लेटर ऑफ स्लेन्स’वर सह्या करत. स्लेन्स म्हणजे हत्या. आमचे समाधान झाले, आम्ही माफ केले, असे त्यात लिहिलेले असे. कधी कधी मारणाऱ्याला आधी चारचौघांत गुडघे टेकून नंगी तलवार पात्याकडून धरावी लागे, मूठ नातलगांपुढे. १९७६ साली हा शब्द कायद्यातून काढला. त्याच्या जागी आमच्या घरात काय आले, ते आई दर रविवारी सूप वाढताना ऐकवते.

“तुझा मामा खचलाय गं. एकदा म्हण, झालं गेलं विसरले. सुखानं जेवेल तरी.”

तो जेवतो. मी पाहिले आहे.

मी काही न लिहिता मेले तर माझे सगळे आईकडे जाईल, माफीसुद्धा, आणि ती पहिल्याच रविवारी सूपाबरोबर वाढून मोकळी होईल. म्हणून माफीचा अधिकार मी रोनाला देते. अट एकच. मामाने चर्चमध्ये, लोकांसमोर उभे राहून, “आवरण मी काढलं,” एवढे बोलावे. तलवार नको. पैसे नकोत, ते पुरेसे नाहीत. तो बोलला तर रोनाने तिची आणि माझी, दोन्ही सह्या कराव्यात. न बोलता गेला तर करू नयेत. माझे मरण म्हणजे माझी सही, असे कोणी समजू नये.

६. मामाची बायको, बेला मामी. मासे साफ करायला मला तिने शिकवले. तिला मी आजवर काही विचारलेले नाही. तिला काही ठेवतही नाही, कारण आज ती आईला सोबत म्हणून आली आणि मी तिला साक्षीला बसवले. साक्षीदाराने लाभ घेऊ नये, असे गेडीज म्हणतात. साक्षीदाराने फक्त सही पाहायची असते, मजकूर वाचायची गरज नाही, असेही त्यांनी तिला सांगितले. हे कलम लिहीत असताना ती आधीची पाने वाचते आहे.

ठिकाण: बॅन्फ
तारीख: ७ नोव्हेंबर २०१९
सही: एल्स्पेथ फिंडले

साक्षीदार:

अलास्टर गेडीज, वकील. वरील सही माझ्यासमोर झाली.

इसाबेला स्लेटर. सही माझ्यासमोर झाली. आवरण आमच्या शेडमध्ये कोळशाच्या मागे आहे. डेव्ही गेला त्याच्या आदल्या उन्हाळ्यापासून तिथेच आहे. चारही बोल्ट जॅमच्या बरणीत आहेत. बरणी मीच दिली होती.