वर पाठवायचा दहावा हिस्सा

औंधाजवळून, मार्गशीर्ष, १९४६

थोरले मेहुणे नानासो यांस जोतीरामाचा गुडघ्याला हात लावून नमस्कार. (पायापर्यंत वाकवत नाही, कंबर धरली आहे. का धरली ते पुढे येईलच.) तुमची तब्येत, वहिनींचा दमा आणि सांगलीच्या पेठेतला गुळाचा भाव, तिन्ही ठीक असतील अशी आशा. इकडे मी सुटलो. तुरुंगातून नव्हे, बिशपकीतून.

ही कुठली भानगड म्हणाल, तर सांगतो. लढाईत मी आसामात लॉरी हाकत होतो, तेव्हा आमच्या तळावर ऑल्सन नावाचा अमेरिकन सार्जंट होता. धर्मानं मॉर्मन. चहा नाही, विडी नाही, दारू नाही (पलटणीत असा माणूस सगळ्यांचा लाडका, कारण त्याचा वाटा आम्हाला). त्याचा बाप गावाकडे बीट पिकवतो, त्या कंदाची म्हणे साखर होते, आणि तोच त्या गावच्या देवळाचा मुख्य, म्हणजे बिशप. पगार छदाम नाही. वरच्यांनी नाव काढायचं, गावानं उजवे हात वर करायचे, झाला बिशप. काही वर्षांनी तसेच हात वर करून आभार मानायचे आणि मोकळा करायचा. प्रत्येकानं उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यायचा; रोकड नसली तर अंडी, गवत, जे असेल ते. कोण तपासतो विचारलं, तर म्हणाला, कोणी नाही. वर्षातून एकदा ज्यानं त्यानं बिशपपुढे बसून सांगायचं, पुरा दिला की नाही. सांगेल ते खरं. हा दहावा हिस्सा सगळा वर जातो, सॉल्ट लेक नावाच्या गावी. तिथे एक अध्यक्ष आणि त्याच्या हाताखाली बारा जण. कुठे काय खर्चायचं ते वरून ठरतं. शिवाय महिन्यातून एका रविवारी दोन वेळचं जेवण सोडायचं आणि वाचलेलं गावातल्या नडलेल्यांना द्यायचं.

मला हे इतकं पटलं, की पलटणीतून सुटून आल्यावर बिरोबाच्या देवळापुढे मी भलं लांब भाषण ठोकलं. लोक गप्प बसून ऐकत होते, तेव्हाच ओळखायला हवं होतं. बिराप्पा धनगर उठला नि म्हणाला, "बिनपगारी म्हंता न्हवं? मग तुमीच व्हा की." सगळ्या गावानं हात वर केले. डुलक्या काढणाऱ्यांचे शेजाऱ्यांनी वर केले.

दहावा हिस्सा गावानं दिला हो, पण दहातला कुठला द्यायचा ते ज्यानं त्यानं ठरवलं. दहा पोत्यांतलं किडकं, दहा कोंबड्यांतली खुडूक, आणि बिराप्पाच्या दहा करडांतलं जे लय ओरडतं ते. पुरा दिला का विचारलं, की जो तो छातीवर हात ठेवून पुरा म्हणे आणि मला मानावं लागे. उपासाचं तर विचारूच नका. ऑल्सनचा उपास म्हणजे पाण्याचा थेंब नाही. आपला उपास म्हणजे वरी, शेंगदाण्याची आमटी, रताळी, वर केळं. संध्याकाळी वाचलेलं मागायला गेलो, तर भामाबाई म्हणाली, "वाचलंय कुठलं? उलट शेंगदानं सपलं."

मुख्य घोटाळा पुढेच. आपल्याला 'वर' कोणी नाही. माल पाठवायचा कुणाकडे? मामलेदाराकडे पाठवावा, तर तो ठेवून घेईल ही भीती. म्हणून सगळं माझ्या घरात, आणि पोती उचलायला मीच (कंबर). आमची शालूबाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "वर कुनी न्हाई तर खाली वाटा की." मी म्हणालो, पद्धत तशी नाही. मग एके सकाळी त्या करडानं तिचं नवं लुगडं चघळलं, आणि तुमची बहीण तुमच्याकडे निघून आली.

खोटं कशाला सांगू, घरात पोत्यांनी ज्वारी आणि भाकरी थापायला कोणी नाही, तेव्हा चुलीपुढे बसून मला रडू आलं. शेवटी तिचंच ऐकलं. निवडून-पाखडून धान्य नडलेल्या घरी पोचवलं, करडू बिराप्पाला परत दिलं (त्यानं ते नाखुषीनं घेतलं), आणि काल देवळापुढे उभं राहून म्हणालो, आता मला मोकळा करा. नानासो, मला निवडतानासुद्धा एवढे हात वर झाले नव्हते. आज माजघर मोकळं आहे, सारवलं आहे, आणि मी पाय लांब करून हे लिहितो आहे. लय हलकं वाटतं.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

तुमचा,
जोतीराम

ता. क. खरं काम राहिलंच. शालूबाईला परवाच्या सर्व्हिस मोटारीनं पाठवून द्या. विट्याला उतरवून घ्यायला मी स्वतः येतो. नवं लुगडं घेऊन ठेवलं आहे, तिच्या आवडीच्या काठाचं.

ता. क. दुसरं. पत्र तुम्ही तिला वाचून दाखवत असाल, पण इथून पुढचं मनात वाचा. मॉर्मन बायकांचंही आपलं वेगळं मंडळ असतं. घरोघर जाऊन कुणाला काय कमी आहे ते त्या बघतात. हे मी काल सहज बोललो. लगेच बायका जमल्या, आणि 'खाली वाटा' म्हणणारी शालूबाईच मुख्य पाहिजे म्हणून सगळ्यांनी हात वर केले. माझाही सवयीनं गेला. कोठी आमच्याच माजघरात ठरली आहे. ती मोटारीत बसेपर्यंत ह्यातला शब्द काढू नका. आणि वाचता वाचता एकदम थांबूही नका, तिला लगेच कळतं.